म्येचिस्वाव वाइनबर्ग आणि शोस्ताकोविच : बत्तीस वर्षांची मैत्री

१९६४ च्या उन्हाळ्यात विख्यात सोव्हिएत संगीतकार द्मित्री शोस्ताकोविच यांनी आपले जुने स्नेही इसाक ग्लिकमन यांना पत्राने कळवले की, आपला दहावा स्ट्रिंग क्वार्टेट लिहून झाला असून तो म्येचिस्वाव वाइनबर्ग या संगीतकार मित्राला अर्पण केला आहे. कारणही त्यांनी गमतीने दिले होते. वाइनबर्ग यांचे नऊ क्वार्टेट झाले होते, त्यांना गाठून मागे टाकायचे असे आपण मनाशी ठरवले होते आणि ते आता साधले, असा त्या मजकुराचा आशय होता. भांडवली देशांना ‘गाठा आणि मागे टाका’ ही सोव्हिएत सरकारची लाडकी घोषणा होती. पोलादाच्या नि धान्याच्या उत्पादनासाठी घडवलेले ते शब्द शोस्ताकोविच यांनी एका मित्राच्या थट्टेसाठी वापरले. त्या वेळी ते ५७ वर्षांचे होते आणि त्यांचे नाव जगभर झालेले होते. वाइनबर्ग ४४ वर्षांचे होते आणि सोव्हिएत संघाबाहेर त्यांना जवळजवळ कोणी ओळखत नव्हते. गंमत अशी की त्याच वर्षी वाइनबर्ग यांनीही आपला दहावा क्वार्टेट लिहिला आणि शेवटचा हिशेब त्यांच्याच बाजूने लागला: शोस्ताकोविच १५, वाइनबर्ग १७.

पाश्चात्त्य संगीताची फारशी ओळख नसलेल्या वाचकासाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली रचना. सिम्फनीला ऐंशी-शंभर वादकांचा वाद्यवृंद लागतो, मोठे सभागृह लागते आणि सोव्हिएत व्यवस्थेत तिच्याकडे वरिष्ठांचे लक्षही असे, कारण सिम्फनी हे जाहीर विधान मानले जाई. क्वार्टेटचा आवाज खोलीत मावतो. त्यात घोषणा देता येत नाहीत आणि त्यामुळे त्याच्याकडून घोषणांची अपेक्षाही कमी असते. शोस्ताकोविच यांनी आपल्या मनातले सर्वांत खासगी संगीत या चार वाद्यांकडे सोपवले, आणि नेमक्या त्याच क्षेत्रात त्यांनी वाइनबर्ग यांना आपला प्रतिस्पर्धी मानले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण पुढे कित्येक वर्षे वाइनबर्ग यांची ओळख ‘छोटा शोस्ताकोविच’ अशीच करून दिली गेली. ती ओळख अपुरी आहे असे माझे मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी वॉर्सापासून सुरुवात करावी लागेल.

वाइनबर्ग यांचा जन्म ८ डिसेंबर १९१९ रोजी वॉर्सामध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. वडील श्मुएल हे मूळचे किशिनेवचे. त्या शहरात १९०३ मध्ये ज्यूंची जी कत्तल झाली, तिच्यात या कुटुंबाचे आप्तही मारले गेले होते. वॉर्सात श्मुएल यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाटक मंडळ्यांमध्ये व्हायोलिन वाजवत, संगीत रचत आणि वाद्यवृंदाचे संचालन करत. आई सोनिया नाटकांत काम करत असे. म्हणजे मुलगा वाढला तो थेट रंगभूमीच्या पडद्यामागे. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या मंडळीत पियानोला बसू लागला आणि बाराव्या वर्षी त्याला वॉर्सा कॉन्झर्व्हेटरीत योझेफ तुर्चिन्स्की यांच्याकडे प्रवेश मिळाला. तुर्चिन्स्की म्हणजे साधे शिक्षक नव्हेत. पोलिश रचनाकार शोपँ यांच्या समग्र रचनांची जी आवृत्ती पादेरेव्स्की यांच्या नावाने ओळखली जाते, तिच्या संपादकांपैकी ते एक होते. तिथे वाइनबर्ग शिकले ते पियानो. स्वररचनेचे रीतसर शिक्षण त्यांनी वॉर्सात घेतलेच नाही. १९३८ मध्ये विख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन यांनी त्यांचे वादन ऐकले आणि फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये जाण्याची वाट त्यांच्यासाठी मोकळी होत असल्याचे दिसू लागले. एका पोलिश पियानोवादकाचे अमेरिकेतले आयुष्य तिथून सुरू झाले असते. पण १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या.

वाइनबर्ग आणि त्यांची धाकटी बहीण एस्टेर पायी पूर्वेकडे निघाले. बुटांनी पाय सोलवटले म्हणून बहीण वाटेतूनच आईवडिलांकडे परत फिरली. इतक्या क्षुल्लक कारणाने दोन आयुष्यांची फारकत झाली. आई, वडील आणि बहीण त्राव्निकी येथील नाझी छावणीत मारले गेले, हे वाइनबर्ग यांना निश्चितपणे कळायला पुढची वीसहून अधिक वर्षे जावी लागली. स्वतः वाइनबर्ग सोव्हिएत सीमेपर्यंत पोहोचले आणि तिथल्या शिपायाने त्यांना नवे नावही देऊन टाकले. ज्यू आहे म्हटल्यावर ‘मोइसेइ’ असेल, अशा हिशेबाने कागदावर तेच नाव चढले आणि १९८२ पर्यंत तेच अधिकृत राहिले. जवळची माणसे मात्र त्यांना ‘म्येतेक’ या पोलिश लाडक्या नावानेच हाक मारत.

मिन्स्कमध्ये दोन वर्षे त्यांनी वासिली झोलोतारयोव यांच्याकडे स्वररचनेचे शिक्षण घेतले. झोलोतारयोव हे रिम्स्की-कोर्साकोव यांचे शिष्य होते, त्यामुळे एका अर्थी रशियन परंपरेचे दार वाइनबर्ग यांच्यासाठी आतून उघडले गेले. पण त्यांच्या पुढच्या आयुष्याला वळण लागले ते वर्गाबाहेर. स्थानिक वाद्यवृंदात कळफलकाच्या वाद्यांवर बसण्याचे काम त्यांना मिळे, आणि तिथेच शोस्ताकोविच यांची पाचवी सिम्फनी वाजवण्याचा प्रसंग आला. ही सिम्फनी त्यांनी प्रेक्षागृहातून नव्हे, वादकांच्या मध्ये बसून, प्रत्येक स्वर जिथून निघतो तिथे कान देऊन ऐकली. शोस्ताकोविच यांचे संगीत सापडणे म्हणजे आपल्यासाठी नवा खंड सापडण्यासारखे होते, असे ते पुढे सांगत असत.

जून १९४१ मध्ये शिक्षण संपते न संपते तोच जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. मणक्याच्या क्षयामुळे वाइनबर्ग सैन्यात घेतले गेले नाहीत. त्यांना ताश्कंदला हलवण्यात आले. ताश्कंद हे नाव आपल्याकडे १९६६ च्या करारामुळे आणि लालबहादूर शास्त्रींच्या मृत्यूमुळे लक्षात राहिले आहे, परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सोव्हिएत कलावंतांचे मोठे आश्रयस्थान होते. नाट्यगृहे, चित्रपटसंस्था आणि विद्यापीठे यांतली माणसे तिथे येऊन राहिली होती. वाइनबर्ग ऑपेरा थिएटरात गायकांचा सराव करून घेत. तिथेच त्यांची ओळख नताल्या वोव्सी-मिखोएल्स यांच्याशी झाली आणि दोघांनी लग्न केले. नताल्याचे वडील सोलोमन मिखोएल्स हे मॉस्कोच्या सरकारी ज्यू रंगभूमीचे प्रमुख आणि त्या काळातले फार मोठे नट होते. या नात्यामुळे वाइनबर्ग यांना एक घर मिळाले. हेच नाते पुढे त्यांच्या जिवावर बेतणार होते.

पहिली सिम्फनी त्यांनी १९४२ मध्ये लिहिली आणि ती लाल सेनेला अर्पण केली. ती अर्पणपत्रिका केवळ तोंडदेखली नव्हती. ज्या देशाने त्यांना सीमेवर आत घेतले, त्या देशाविषयीची कृतज्ञता त्यांनी अखेरपर्यंत बाळगली आणि ती न लक्षात घेता त्यांना बंडखोर ठरवायला जाणारे लोक त्यांच्यावर अन्यायच करतात. या सिम्फनीची स्वरलिपी मित्रांच्या हस्ते शोस्ताकोविच यांच्याकडे पोहोचली. त्यांनी ती वाचली आणि थोड्याच काळात वाइनबर्ग यांना मॉस्कोला येण्याचे अधिकृत निमंत्रण आले. युद्धकाळात परवानगीशिवाय मॉस्कोत राहताच येत नसे, म्हणून या निमंत्रणाचे मोल एखाद्या शिफारसपत्राहून फार अधिक होते. १९४३ मध्ये वाइनबर्ग मॉस्कोत आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले.

या दोघांचे नाते समजून घेताना आपल्या डोळ्यांसमोर गुरुशिष्याचे चित्र येणे साहजिक आहे, पण ते इथे नीट बसत नाही. वाइनबर्ग यांनी कधी गंडा बांधला नाही; शोस्ताकोविच यांच्याकडे ते एका तासापुरतेही विद्यार्थी म्हणून बसले नाहीत. आपण त्यांचे शिष्य आहोत, त्यांच्याच रक्तामांसाचे आहोत, असे मात्र ते स्वतःहून सांगत. प्रत्यक्षात रीत अशी पडली की नवी रचना पुरी झाली की ती आधी एकमेकांना वाजवून दाखवायची. वाद्यवृंदासाठी लिहिलेली सिम्फनी वाजवून कशी दाखवणार, असा प्रश्न पडेल. त्यासाठी पाश्चात्त्य संगीतात जुनी सोय आहे: संपूर्ण रचनेचे सार पियानोवर आणायचे आणि एकाच पियानोवर दोघांनी शेजारी बसून चार हातांनी, किंवा दोन पियानोंवर, ते वाजवायचे. रेकॉर्डच्या आधीच्या काळात घरोघरी सिम्फनी पोहोचली ती याच मार्गाने, आणि सोव्हिएत संघात तर संगीतकार संघाच्या समितीपुढे नवी रचना ठेवण्याची ती नेहमीची पद्धत होती. यासाठी समोरचा कागद पाहताक्षणी वाजवू शकणारा, आणि स्वतः रचनाकार असल्यामुळे कोणता स्वर कोणत्या वाद्याचा आहे हे ओळखणारा पियानोवादक लागतो. वाइनबर्ग नेमके तसे होते.

याचे एक उदाहरण फार बोलके आहे. शोस्ताकोविच यांनी आपली चौथी सिम्फनी १९३६ मध्ये, तालमी सुरू असतानाच, मागे घेतली होती, कारण त्या वर्षी वृत्तपत्रातून त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर ती वाजवणे धोक्याचे ठरले असते. पुढची पंचवीस वर्षे ती कोणत्याही वाद्यवृंदाने वाजवली नाही. तिचे पहिले जाहीर वादन ३० डिसेंबर १९६१ रोजी किरिल कोंद्राशिन यांच्या संचालनाखाली झाले. परंतु दोन पियानोंसाठीचे तिचे रूपांतर चाळीसच्या दशकातच मोजक्या श्रोत्यांसमोर वाजवले गेले होते आणि ते वाजवणारे दोघे होते शोस्ताकोविच आणि वाइनबर्ग. म्हणजे जगाने न ऐकलेली ती सिम्फनी वाइनबर्ग यांच्या बोटांना आधीपासून पाठ होती. १९६२ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पाचव्या सिम्फनीत चौथीचे पडसाद ऐकू येतात ते याच कारणाने, आणि अशा ठिकाणी थोरल्याचा प्रभाव सरळ मान्य करायला हवा.

पण प्रभाव एकाच दिशेने वाहत नव्हता. १९४३ मध्ये वाइनबर्ग यांनी यिद्दिश लेखक पेरेत्झ यांच्या कवितांवर गीतमाला रचली. लोकांच्या लग्नांत आणि रंगभूमीवर वाजणारे जे ज्यू संगीत त्यांनी लहानपणी वडिलांच्या मंडळीत ऐकले होते, ते त्यांच्या रचनांमध्ये पाहुण्यासारखे येत नाही, घरच्यासारखे वावरते. या संगीताची एक खूण आपल्या कानांना सहज पटेल अशी आहे: कोमल रिषभावरून थेट शुद्ध गंधारावर घेतलेली उडी, आणि वरच्या अंगात कोमल धैवत नि कोमल निषाद. बसंत मुखारी ऐकलेल्या श्रोत्याला ही स्वरमाला अगदीच परकी वाटणार नाही, जरी चलन आणि भाव वेगळे असले तरी. या संगीताचे दुसरे वैशिष्ट्य असे की त्यात नाचाचा ताल आणि रडवेला सूर एकाच वेळी नांदतात. शोस्ताकोविच यांना नेमके याच गोष्टीचे आकर्षण वाटे. त्यांच्या १९४४ च्या दुसऱ्या पियानो त्रयीच्या अखेरच्या भागात असेच एक ज्यू नृत्य भीषण रूप घेऊन येते, आणि १९४८ मध्ये त्यांनी ज्यू लोककवितांवर गीतमाला रचली, जिचे जाहीर गायन १९५५ पर्यंत होऊ शकले नाही. वाइनबर्ग मॉस्कोत आल्यानंतरच शोस्ताकोविच यांच्या संगीतात हा सूर इतका ठळक झाला. तो केवळ वाइनबर्ग यांच्यामुळे आला असे म्हणणे धाडसाचे ठरेल; युद्धातल्या संहाराच्या बातम्या कोणाही संवेदनशील माणसाला पुरेशा होत्या. पण ज्याच्या घरात ते संगीत पिढ्यान्‌पिढ्या वाजत होते असा मित्र रोज भेटत असताना त्याचा वाटा शून्य धरणे अधिक धाडसाचे आहे.

१९४८ साल दोघांनाही कठीण गेले. १३ जानेवारीच्या पहाटे मिन्स्कमध्ये सोलोमन मिखोएल्स यांचा मृतदेह बर्फात सापडला. ट्रकची धडक बसून अपघात झाला असे जाहीर करण्यात आले आणि सरकारी इतमामाने अंत्यसंस्कारही झाले. प्रत्यक्षात स्टालिनच्या आदेशावरून केलेला तो खून होता. बातमी कळताच शोस्ताकोविच त्या घरी गेले. मिखोएल्स यांचा आपल्याला हेवा वाटतो, असे ते त्या दिवशी हळूच म्हणाल्याची आठवण नताल्याने नोंदवून ठेवली आहे. पुढच्याच महिन्यात, १० फेब्रुवारीला, कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने संगीताविषयी ठराव प्रसिद्ध केला आणि त्यात शोस्ताकोविच, प्रोकोफियेव, खाचातुरियान, म्यास्कोव्स्की आदींवर ‘फॉर्मॅलिझम’चा आरोप ठेवला. या शब्दाचा अर्थ विचारला तर सांगता येणे कठीण आहे, आणि तीच त्याची उपयुक्तता होती. जनतेला समजणार नाही असे, केवळ रचनेच्या करामतीत रमणारे संगीत, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. व्यवहारात मात्र ज्याला गप्प करायचे त्याला लावता येईल असे ते लेबल होते. शोस्ताकोविच यांची अध्यापनाची पदे गेली. वाइनबर्ग यांचे नाव मुख्य आरोपींत नव्हते, पण त्यांच्याही काही रचना वाजवण्यास मनाई झाली. ते सर्कशीसाठी, नाटकांसाठी आणि चित्रपटांसाठी संगीत लिहून घर चालवू लागले. आपल्या घरावर पाळत आहे हे त्यांना माहीत होते.

अटक झाली ती पाच वर्षांनी. ६ फेब्रुवारी १९५३ च्या संध्याकाळी थोर व्हायोलिनवादक दाविद ओइस्त्राख यांनी मॉस्कोत वाइनबर्ग यांची मोल्दाव्हियन धुनांवर आधारलेली रचना वाजवली. त्यानंतर मंडळी घरी जमली आणि रात्री उशिरा पोलीस दाराशी आले. आरोप होता ‘ज्यू बुर्झ्वा राष्ट्रवादा’चा, क्रिमियात ज्यूंचे वेगळे प्रजासत्ताक स्थापण्याच्या कटात ते सामील आहेत असे सांगण्यात आले. खरे कारण नातेसंबंधांत होते. जानेवारी महिन्यात ‘डॉक्टरांच्या कटा’ची, म्हणजे बहुतांशी ज्यू असलेल्या डॉक्टरांनी सोव्हिएत नेत्यांना मारण्याचा कट केल्याची, बातमी छापून आली होती आणि त्यात गोवलेले डॉक्टर मिरोन वोव्सी हे मिखोएल्स यांचे चुलतभाऊ होते. वाइनबर्ग यांना बुतिर्का तुरुंगात एकांत कोठडीत ठेवण्यात आले. बसता येईल पण आडवे होता येणार नाही इतकीच ती होती.

या काळात शोस्ताकोविच यांनी दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही कशा होत्या हे समजण्यासाठी त्या वेळची हवा ध्यानात घ्यावी लागते. अटक झालेल्या माणसाच्या घरचा फोन वाजणे बंद होई, रस्त्यात ओळखीचे लोक पलीकडच्या बाजूला जात. स्वतः शोस्ताकोविच यांच्यावरचा १९४८ चा डाग पुसला गेलेला नव्हता. असे असताना त्यांनी गुप्त पोलिसांचे सर्वेसर्वा लाव्हरेन्ती बेरिया यांना पत्र लिहून वाइनबर्ग यांच्या प्रामाणिकपणाची ग्वाही दिली. दुसरी गोष्ट अधिक घरगुती, आणि मला विचाराल तर अधिक मोठी होती. नताल्यालाही अटक होण्याची शक्यता होती आणि तसे झाल्यास त्यांची मुलगी विक्टोरिया हिची रवानगी सरकारी अनाथगृहात झाली असती. ते टाळण्यासाठी मुलीची जबाबदारी शोस्ताकोविच दांपत्याने घ्यावी असे मुखत्यारपत्र तयार करण्यात आले. ‘जनतेच्या शत्रू’च्या मुलीला आपल्या घरात घेण्याची लेखी तयारी दाखवणे म्हणजे स्वतःचे नाव त्याच फायलीत लिहून देण्यासारखे होते.

५ मार्च १९५३ रोजी स्टालिन मरण पावला. डॉक्टरांचा कट बनावट असल्याचे महिन्याभरात सरकारनेच कबूल केले आणि २५ एप्रिलला वाइनबर्ग सुटले. त्यानंतर दोन्ही कुटुंबे एकत्र जेवायला बसली तेव्हा शोस्ताकोविच यांनी मेणबत्त्या लावायला सांगितल्या आणि त्यांच्या ज्योतीवर ते मुखत्यारपत्र जाळून टाकले, अशी आठवण नताल्याने सांगितली आहे.

यानंतरची वीस-बावीस वर्षे तुलनेने शांततेची होती. त्या काळात वाइनबर्ग यांचे संगीत लाखो लोकांनी ऐकले, फक्त ते कोणाचे आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. मिखाईल कलातोझोव यांचा ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ हा १९५७ चा चित्रपट, ज्याला पुढच्या वर्षी फ्रान्समधील ‘कान’ चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तो आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांच्या जुन्या सभासदांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचे संगीत वाइनबर्ग यांचे. विनी-द-पू या अस्वलाच्या १९६९ च्या रशियन कार्टूनचे संगीतही त्यांचेच, आणि त्यातले गाणे रशियात लहान मुलांच्या तोंडी असते. छावणीत कुटुंब गमावलेल्या, तुरुंगातून आलेल्या माणसाने लिहिलेले ते अत्यंत खट्याळ गाणे आहे.

मैत्रीचे व्यवहार चालूच होते. २३ ऑक्टोबर १९६७ रोजी शोस्ताकोविच यांच्या ब्लोक यांच्या कवितांवरील सात गीतांचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा गायिका गालिना विश्नेव्स्काया, व्हायोलिनला ओइस्त्राख, चेलोला रोस्त्रोपोविच असा मेळ होता आणि पियानो आजारी शोस्ताकोविच यांच्या जागी वाइनबर्ग यांनी वाजवला. हे तिघे आपापल्या क्षेत्रातले शिखरावरचे कलावंत होते. त्यांच्या पंक्तीला बसू शकेल अशा पियानोवादकाचा प्रश्न आला तेव्हा कोणाला बोलवायचे याचा फार शोध घ्यावा लागला नाही.

१९६८ मध्ये वाइनबर्ग यांनी जे काम पुरे केले ते त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणावे लागेल: ‘पॅसेंजर’ हा ऑपेरा. त्याचा आधार आहे पोलिश लेखिका झोफिया पोस्मिश यांची कथा. पोस्मिश स्वतः ऑशविट्झच्या कैदी होत्या. युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी पॅरिसमध्ये त्यांच्या कानावर एका जर्मन पर्यटक बाईचा आवाज पडला आणि आपली छावणीतली पहारेकरीण समोर आली की काय, अशा विचाराने त्या जागच्या जागी थबकल्या. लिहिताना त्यांनी हा प्रसंग उलटा केला: ब्राझीलला निघालेल्या जहाजावर एकेकाळची पहारेकरीण आहे आणि तिला एका प्रवासिनीत आपली जुनी कैदी दिसते. ऑपेरातल्या कळसाच्या प्रसंगी कैदी असलेल्या व्हायोलिनवादकाला छावणीच्या प्रमुखासमोर त्याचा आवडता वॉल्ट्झ वाजवायचा हुकूम होतो आणि तो त्याऐवजी थोर जर्मन रचनाकार बाख यांचा शाकॉन, ही एकट्या व्हायोलिनसाठीची रचना, वाजवू लागतो. त्याचे व्हायोलिन फोडले जाते. दुसऱ्याची रचना अशी उद्धृत करणे हे वाइनबर्ग यांच्या लेखनाचे मोठे अंग आहे. चोरी लपवलेली असते, उद्धरण मात्र श्रोत्याने ओळखावे म्हणूनच केलेले असते. बाखचा तो सूर ओळखू आला की कोणती जर्मनी कोणत्या जर्मनीसमोर उभी आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शोस्ताकोविच या ऑपेराने भारावून गेले होते. छापील आवृत्तीला त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि दरवेळी ऐकताना त्याचे मोठेपण आपल्याला अधिक कळत गेले अशी कबुली दिली. तरीही ज्या बोल्शोई थिएटरसाठी तो लिहिला होता, तिथे तो उभा राहिला नाही. ‘अमूर्त मानवतावाद’ असा शेरा त्याच्यावर बसला. याचा अर्थ असा की त्यात सोव्हिएत वीरांपेक्षा मारल्या गेलेल्या माणसांना अधिक जागा होती. शोस्ताकोविच यांचा शब्दही इथे चालला नाही. ऑपेराचे पहिले वादन २५ डिसेंबर २००६ रोजी मॉस्कोत, नेपथ्याविना, झाले आणि पूर्ण रंगमंचीय प्रयोग २०१० मध्ये ऑस्ट्रियातील ब्रेगेन्झ महोत्सवात. तो पाहायला पोस्मिश हजर होत्या. संगीतकार मात्र १४ वर्षांपूर्वीच वारले होते.

शोस्ताकोविच ९ ऑगस्ट १९७५ रोजी गेले. त्यानंतर वाइनबर्ग यांनी लिहिलेली बारावी सिम्फनी त्यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे. त्या काळात सोव्हिएत संगीतात तरुणांची नवी लाट आली होती, श्निट्के आणि गुबैदुलिना यांच्याकडे पश्चिमेचे लक्ष होते, आणि वाइनबर्ग कोणत्याच खणात बसत नव्हते. पश्चिमेच्या दृष्टीने त्यांच्याकडे विरोधकाची कहाणी नव्हती. रशियाच्या दृष्टीने ते पोलिश ज्यू होते. पोलंडला ते परत गेले ते फक्त एकदा, १९६६ मध्ये, वॉर्साच्या शरद महोत्सवासाठी, आणि तिथल्या संगीतविश्वाच्या लेखी ते सोव्हिएत पाहुणे होते. स्वतःची जाहिरात करण्याचा गुण त्यांच्यात अजिबात नव्हता. अखेरची वर्षे आजारपणात अंथरुणावर काढून २६ फेब्रुवारी १९९६ रोजी ते मॉस्कोत वारले. मागे २० हून अधिक सिम्फनी, १७ क्वार्टेट, ७ ऑपेरा आणि दीडशेवर क्रमांकित रचना राहिल्या.

आता त्या ‘छोट्या शोस्ताकोविच’ या बिरुदाकडे वळतो. ज्याने दोघांना थोडेच ऐकले आहे त्याला साम्य खरोखरच जाणवते: विरळ साथीवर एकट्याने चालत राहणारी लांबच लांब स्वरावली, खोट्या उत्साहाने पावले टाकणारे मार्च, एकाच स्वरावर ठोके मारत राहण्याची सवय. फरक शेवटाकडे लक्ष दिल्यावर कळतो. शोस्ताकोविच यांच्या संगीतात उपरोध आहे, दात आहेत. राग आला की ते चावतात. वाइनबर्ग चावत नाहीत. त्यांच्या कित्येक रचना मोठ्या स्फोटानंतर अंगाईगीतासारख्या एखाद्या साध्या धुनेवर येतात आणि आवाज हळूहळू विरत जातो. सहाव्या सिम्फनीत त्यांनी मुलांचा गायकवृंद वापरला आहे. गाण्यासाठी घेतलेल्या कवितांपैकी काही लेव क्वित्को यांच्या, आणि क्वित्को यांना १९५२ मध्ये इतर यिद्दिश लेखकांसोबत गोळ्या घालण्यात आल्या होत्या. १९९१ मध्ये पुरी झालेली एकविसावी सिम्फनी वॉर्सा घेटोतल्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, बळींना वाहिलेली आहे. तिच्या ओघात अचानक पियानोवर शोपँच्या पहिल्या बॅलेडचा एक तुकडा येतो, जणू तुर्चिन्स्कींच्या वर्गाचे दार क्षणभर उघडे राहिले आहे. असे काही शोस्ताकोविच यांनी लिहिले नसते. त्यांना तसे घर सोडून यावे लागले नव्हते.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर १९४४ चा पियानो क्विंटेट (पियानो आणि चार तंतुवाद्ये यांची रचना) घ्यावा. तो लिहिला तेव्हा वाइनबर्ग २४ वर्षांचे होते आणि त्यात पियानोवादक नि रचनाकार दोघेही भरात आहेत. एकविसावी सिम्फनी मिर्गा ग्राझिनीते-तिला यांच्या संचालनाखालील ध्वनिमुद्रणात ऐकावी; त्यातली व्हायोलिनची एकल जागा गिदोन क्रेमर यांनी वाजवली आहे. ‘पॅसेंजर’ ऐकण्यापेक्षा पाहावा. आणि या सगळ्यांत एक जुने, खरखरणारे ध्वनिमुद्रण आवर्जून शोधावे: शोस्ताकोविच यांची दहावी सिम्फनी, एका पियानोवर चार हातांनी, १९५४. वाजवणारे स्वतः शोस्ताकोविच आणि तुरुंगातून सुटून वर्षही न झालेले वाइनबर्ग. दुसऱ्या भागाची गती इतकी भन्नाट आहे की वाद्यवृंदालाही धाप लागावी, पण दोघांपैकी एकही मागे राहत नाही. कोणते दोन हात कोणाचे, हे ओळखण्याचा प्रयत्न मी बऱ्याचदा केला आणि दरवेळी मधेच सोडून दिला.